बिटकॉइन पाठवताना अख्खं पाकीट दाखवू नका

मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही पाच जण कोथरूडला जेवायला गेलो होतो. बिल एकाने भरलं, बाकीच्यांनी जीपे केलं आणि मला नको तिथे हौस, म्हटलं तुला बिटकॉइनमध्ये पाठवतो, किती, नऊशे ना, हे घे. तो पण तसलाच, त्याने टेबलावरच ते ट्रान्झॅक्शन एक्सप्लोररमध्ये, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, उघडलं, दोन-तीनदा इकडेतिकडे टॅप केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लेका, एवढे पडलेत होय तुझ्याकडे, आणि थाळी कुठली घ्यायची यावर अर्धा तास घालवलास!" सगळे हसले, मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. त्याने काही हॅक वगैरे केलं नव्हतं. मीच पाठवताना दाखवलं होतं.

बिटकॉइन म्हणजे गुप्त व्यवहार, हा समज अजून कसा टिकून आहे देव जाणे. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची वही, म्हणजे ब्लॉकचेन, चौकात टांगलेली आहे, जानेवारी २००९ पासूनची प्रत्येक नोंद कुणालाही फुकट वाचता येते आणि पुसता कुणालाच येत नाही. फक्त नावाच्या जागी, आजकाल बहुधा बीसी१ ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता असतो. म्हणजे सगळी भिस्त एवढ्यावरच की तो पत्ता तुमचा आहे हे किती जणांना ठाऊक आहे, कारण एकदा ते कळलं की मागचं-पुढचं सगळंच कळलं. खाली जे काही सांगतोय ते सगळं ही नाव आणि पत्त्याची गाठ बसू नये म्हणूनच आहे.

आता लपवायचं कुणापासून ते आधी ठरवा. इन्कम टॅक्सपासून म्हणत असाल तर विसरा, आणि करू पण नका. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के टॅक्स आहे, वर सेस, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापला जातो तो तुमच्या पॅनवर दिसतो, आणि मार्च २०२३ पासून एक्सचेंजेस, म्हणजे जिथे क्रिप्टो विकत घेता-विकता येतं त्या कंपन्या, मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलेत, त्यामुळे तुमचं केवायसी करणं आणि संशयास्पद व्यवहार सरकारला कळवणं त्यांना भागच आहे. माझ्या त्या नऊशे रुपयांच्या थाळीचा पण हिशोब रिटर्नमध्ये द्यावा लागला, कारण बिटकॉइन देऊन जेवलात तरी कायद्याने ते ट्रान्सफरच, म्हणजे विकल्यासारखंच. तेव्हा सरकारला माहीत आहे हे धरून चाला. लपवायचंय ते बाकीच्या जगापासून, म्हणजे मित्राचा मित्र, ज्याच्याकडून काहीतरी विकत घेतलं तो दुकानदार, टेलिग्रामवरचे भामटे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारात येणारे.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. २०२२ च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवडमध्ये एका शेअर ट्रेडरचं अपहरण झालं, का, तर त्याच्याकडे ३०० कोटींचे बिटकॉइन आहेत अशी माहिती होती म्हणून. या प्रकरणात आठ जणांना अटक झाली आणि त्यात एक चक्क पोलीस कर्मचारी होता, आधी सायबर सेलमध्ये काम केलेला. आकडा खरा का खोटा हा प्रश्न नंतरचा, "याच्याकडे आहेत" एवढं बाहेर गेलं तरी पुरतं.

तर पहिलं काम, पाकिटं वेगळी करा. एक साठवणीचं, जे हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या छोट्या उपकरणावर, आणि ज्यातून कधीच कुणाला थेट पैसे जाणार नाहीत. एक खर्चाचं, मोबाइलवर, खिशात जेवढे पैसे घेऊन बाहेर पडता तेवढेच त्यात. आणि तुम्ही कुठे डोनेशन घेत असाल किंवा फ्रीलान्सचं पेमेंट घेत असाल, म्हणजे तुमच्या नावासकट पत्ता लोकांसमोर जाणार असेल, तर त्यासाठी तिसरं, वेगळ्या सीडचं, म्हणजे बॅकअपच्या वेगळ्या शब्दांचं. एका वॉलेटमधून दुसऱ्यात सरसकट पैसे फिरवत बसलात तर वेगळी करून उपयोग शून्य, कारण वहीत ती रेघ दिसते. माझं असं आहे की एक्सचेंजवरून खर्चाच्या वॉलेटला वेगळं विड्रॉल करतो आणि साठवणीच्या वॉलेटला वेगळं. फी दोनदा जाते, जाऊ दे. एक्सचेंजला दोन्ही पत्ते माहीत असतात हे खरंय, पण माझ्या मित्राला नसतात.

दुसरं, प्रत्येक वेळी नवा पत्ता. हे काही आत्ताचं फॅड नाही, बिटकॉइन बनवणाऱ्या सातोशीच्या २००८ च्या पेपरातच लिहिलंय की दर व्यवहाराला नवी किल्ली, म्हणजेच नवा पत्ता, वापरा. आजकालची जवळपास सगळी बिटकॉइन वॉलेट्स हे आपणहून करतात, रिसीव्ह दाबलं की दरवेळी वेगळा पत्ता येतो, बॅकअप त्याच बारा किंवा चोवीस शब्दांचा. गडबड आपण करतो, एकदा आलेला पत्ता नोट्समध्ये सेव्ह करून ठेवतो, व्हॉट्सॲपवर "माझा बिटकॉइन ॲड्रेस" म्हणून पिन करतो, आणि मग वर्षभर तोच देतो. मग ज्याने जानेवारीत शंभर रुपये पाठवले त्याला डिसेंबरपर्यंतचं सगळं दिसत राहतं. जुने पत्ते बाद होत नाहीत, त्यावर आलेले पैसे मिळतातच, पण देताना नवाच द्या.

याच्याच पोटात एक गोष्ट आहे ती म्हणजे एक्सपब. वॉलेटच्या सेटिंगमध्ये एक लांब ओळ असते, एक्सपब किंवा झेडपबने सुरू होणारी, त्यातून तुमचे आजपर्यंतचे आणि पुढचे सगळे पत्ते काढता येतात. त्याने कुणी पैसे चोरू शकत नाही म्हणून लोक बिनधास्त देतात, पोर्टफोलिओ बघायच्या ॲपमध्ये चिकटवतात. चोरता येत नाही पण आयुष्यभर बघता येतं, आणि दिलेला परत घेता येत नाही.

आता येऊ माझ्या थाळीवर, कारण खरी मेख तिथे आहे. बिटकॉइनमध्ये बॅलन्स असा काही नसतो, नोटा असतात, वेगवेगळ्या किमतीच्या. ज्या रकमा जशा आल्या तशाच त्या पडून असतात आणि खर्च करताना अख्खी नोट मोडावी लागते. माझ्याकडे ०.०५ ची एक नोट होती, नऊशे रुपये म्हणजे त्यातला अगदी किरकोळ तुकडा, तो मित्राला गेला आणि उरलेले ०.०४९ च्या वर मलाच परत आले, एका नव्या पत्त्यावर. एसटीत पंधरा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढली की कंडक्टर आधी नोटेकडे बघतो, मग आपल्या तोंडाकडे, तसंच ते. समोरच्याला दोन आउटपुट, म्हणजे पैसे गेले ते दोन पत्ते, दिसतात, एक त्याचा, मग दुसरा कुणाचा हे ओळखायला काय अक्कल लागते?

उपाय म्हणजे सुटे जवळ ठेवायचे आणि कुठली नोट मोडायची ते आपण ठरवायचं. याला कॉइन कंट्रोल म्हणतात. मी लॅपटॉपवर स्पॅरो वॉलेट वापरतो, त्यात यूटीएक्सओ नावाचा टॅब आहे, तो उघडला की तुमच्या सगळ्या नोटा एकाखाली एक दिसतात, रक्कम, तारीख आणि तुम्ही दिलेलं लेबल. हवी ती नोट निवडायची, खाली सेंड सिलेक्टेड दाबायचं, बाकीच्या नोटांना हात लागत नाही. हजार द्यायचे असतील तर दोन-तीन हजारांच्या आसपासची नोट काढा, पाच लाखांची नाही. मोबाइल वॉलेट्समध्ये ही सोय कुठे असते कुठे नसते, आणि नसेल तर वॉलेट त्याच्या मनाने कुठलीही उचलतं, म्हणून तर खर्चाचं पाकीट वेगळं आणि छोटं ठेवा म्हणतोय.

उलटी चूक पण होते. सुटे फार झाले म्हणून लोक सगळ्या नोटा गोळा करून एकाच व्यवहारात एकत्र करतात, फी कमी असली की खास. एका व्यवहारात दोन वेगळ्या पत्त्यांवरचे पैसे एकत्र गेले की बघणारा सरळ धरतो की दोन्ही पत्ते एकाच माणसाचे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. ब्लॉकचेन ॲनालिसिसवाल्या कंपन्यांचं अर्धं काम या एका अंदाजावर चालतं. तेव्हा एक्सचेंजवरून आलेली नोट आणि क्लायंटकडून आलेली नोट कधी एकत्र करू नका. त्यासाठी लेबल लावायची सवय पाहिजे, आले त्या दिवशीच, "कुणाकडून, कशाचे", कारण सहा महिन्यांनी काही आठवत नाही, मला तर आदल्या आठवड्याचं आठवत नाही.

आणि कधी अचानक ५४६ सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा तुकडा म्हणजे सातोशी) असे काहीतरी चिल्लर पैसे कुठूनतरी आले तर खूश होऊ नका. लॉटरी नाही ती. पाळत ठेवणारे अशी धूळ टाकतात तुमच्या पत्त्यावर, तुम्ही ती बाकीच्या नोटांबरोबर खर्च केली की त्यांना तुमचे बाकीचे पत्ते कळतात. स्पॅरोमध्ये त्या नोटेवर राइट क्लिक करून फ्रीज करता येतं. करा आणि विसरून जा.

इथेरियम आणि ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचं प्रकरण वेगळं आणि प्रायव्हसीच्या बाबतीत खरं तर जास्त वाईट आहे. तिथे नोटा नाहीत, एक अकाउंट, एक पत्ता, त्यावरच सगळं, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) किती, कुठलं टोकन कधी घेतलं, कुठल्या एनएफटीत तोंड पोळलं. आपल्याकडे बहुतेक लोक यूएसडीटी ट्रॉनवर फिरवतात कारण स्वस्त पडतं, आणि वर्षानुवर्षं एकच पत्ता. इथे करायचं ते म्हणजे वेगवेगळ्या कामाला वेगवेगळे अकाउंट. पण एक गोची आहे. नवीन अकाउंटमधून काही पाठवायला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, लागतो, आणि तो गॅस आपण कुठून पाठवतो, तर जुन्या अकाउंटमधून! झालं, पहिल्याच व्यवहारात दोघांची सोयरीक जुळली. गॅसपुरते पैसे एक्सचेंजवरून थेट नव्या पत्त्यावर काढा. आणि ते लांब पत्त्याऐवजी वापरायचं डॉट ईटीएच वालं नाव स्वतःच्या खऱ्या नावाने घेऊन मुख्य वॉलेटला जोडणं म्हणजे बँकेचं पासबुक दारावर चिकटवणं. हौस असेल तर रिकाम्या अकाउंटला जोडा.

मेटामास्क या इथेरियमच्या वॉलेटबद्दल एक लक्षात ठेवा, ते जसं इन्स्टॉल होतं तसंच ठेवलं तर तुमचे व्यवहार इन्फ्युरा नावाच्या सर्व्हिसमधून जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या कंपनीनेच पॉलिसीत लिहिलं की व्यवहार करताना आयपी आणि वॉलेटचा पत्ता गोळा होतो, तेव्हा बराच दंगा झाला होता. सेटिंगमध्ये नेटवर्कचा आरपीसी, म्हणजे व्यवहार ज्या सर्व्हरमधून जातात तो, बदलता येतो, पण दुसरा घेतला तरी तो दुसरा बघतोच. फक्त कुणी बघायचं हे तुमच्या हातात.

बिटकॉइनच्या हलक्या वॉलेट्सचंही हेच. वॉलेट कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं की या या पत्त्यांवर किती पैसे आहेत, म्हणजे सर्व्हरवाल्याला सगळे पत्ते एकगठ्ठा मिळतात, वर तुमचा आयपी. स्वतःचा नोड, म्हणजे ती अख्खी वही स्वतः तपासणारं सॉफ्टवेअर, चालवला की हा प्रश्न मिटतो. पूर्ण नोडला ६०० जीबीच्या वर जागा लागते, पण प्रून केलेला, म्हणजे जुनी पानं काढून टाकणारा, नोड थोडक्यात भागवतो, डाउनलोड मात्र एकदा सगळं करावंच लागतं, दोन-चार दिवस तरी धरा, घरचे नेट स्लो का झालंय विचारतील. तेवढा खटाटोप नको असेल तर निदान वॉलेटमध्ये टॉर (आयपी लपवणारं नेटवर्क) चालू करा. आणि सगळ्यात साधी गोष्ट जी मी स्वतः कित्येक वर्षं चुकत होतो, पैसे आले का बघायला आपलाच पत्ता गूगलमध्ये पेस्ट करणं. वॉलेटमध्ये दिसतंय ना, तिथेच बघा.

आता पीटूपी, म्हणजे थेट माणसाचा माणसाशी सौदा. इथे ब्लॉकचेन राहू दे बाजूला, यूपीआयच तुम्हाला उघडं पाडतं. समोरच्याला पैसे पाठवले की त्याला तुमचं बँकेतलं पूर्ण नाव दिसतं, आयडी मोबाइल नंबरवर असेल तर नंबर, आणि नंबरवरून व्हॉट्सॲपचा फोटो, म्हणजे बायको-पोरांसकट. आता त्याच्याकडे नाव, नंबर, चेहरा आणि तुमचा क्रिप्टोचा पत्ता, चारही. करायचंच असेल तर यूपीआय ॲपमध्ये नंबर नसलेला वेगळा आयडी बनवा, व्हॉट्सॲपचा डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसेल असा ठेवा आणि यूएसडीटी घ्यायला त्या सौद्यापुरता नवा पत्ता. विकत असाल तर अजून एक धोका, समोरून आलेले पैसे कुणाच्यातरी फ्रॉडचे निघाले तर तुमचंच खातं गोठतं, भलत्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या एका मेलवर, आणि मग चकरा. माझ्या एका ओळखीच्याचं पगाराचं खातं असं चार महिने अडकलं होतं, हप्ता बाउन्स झाला तो वेगळाच. त्यामुळे माझं स्पष्ट मत, टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाशी पीटूपी करून मिळणारी प्रायव्हसी ही प्रायव्हसी नाहीच. शिवाय थेट माणसाकडून घेतलंत तर टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, हे कुणी सांगत नाही.

हार्डवेअर वॉलेट मागवताना पण डोकं वापरा. २०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या दुकानाचा ग्राहकांचा डेटा फुटला, डिसेंबरमध्ये तो उघड्यावर पडला, सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर. वॉलेट स्वतः सुरक्षितच होतं, पण "या घरात क्रिप्टो आहे" अशी यादीच जगाला मिळाली, आणि पुढे लोकांना घरी खोटी डिव्हायसेस सुद्धा आली पोस्टाने. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकन एक्सचेंजने सांगितलं की त्यांच्या परदेशातल्या कस्टमर सपोर्टच्या माणसांना लाच देऊन ६९ हजारांवर ग्राहकांची माहिती काढली गेली. तेव्हा क्रिप्टोसाठी वेगळा ईमेल, ज्यात तुमचं नाव नाही, डिलिव्हरी शक्यतो ऑफिसच्या पत्त्यावर, आणि असला फोन आला की "सर तुमच्या वॉलेटमध्ये अमुक इतके आहेत", तर आकडा बरोबर आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

मिक्सर (अनेकांचे पैसे मिसळून माग पुसणारी सेवा) आणि मोनेरो या नाण्याबद्दल विचारणारे असतातच. मोनेरो २०१४ पासून आहे आणि त्यात पाठवणारा, घेणारा, रक्कम तिन्ही झाकलेलं असतं, तंत्र म्हणून मला आवडतं. पण मोठमोठ्या एक्सचेंजेसनी ते काढून टाकलंय, बायनान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यामुळे घ्यायचं कुठे आणि विकायचं कुठे इथूनच सुरुवात. झीकॅश या दुसऱ्या नाण्यात झाकलेले पत्ते आहेत तसे उघडे पण आहेत, उघड्या पत्त्यावर वापरलंत तर बिटकॉइनपेक्षा वेगळं काही नाही. मिक्सरच्या वाटेला मी जात नाही आणि तुम्हालाही नको म्हणेन. टोर्नेडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले, मार्च २०२५ मध्ये काढले, पण मधल्या काळात त्याच्या एका डेव्हलपरला नेदरलँड्समध्ये ६४ महिन्यांची शिक्षा झाली, आणि मिक्सरमधून आलेले पैसे एक्सचेंजवर टाकले की ते अडकवून कागद मागत बसतात. तुम्ही सरळ माणूस, पैसे सरळ, आणि मिसळायचे कुणाबरोबर तर कुणाचे पैसे आहेत हेच माहीत नाही अशांबरोबर, कशाला? किरकोळ खर्चाला लाइटनिंग, म्हणजे बिटकॉइनवरच उभं केलेलं पेमेंटचं जाळं, बरं, तिथे चहा-कॉफीचे व्यवहार चौकातल्या वहीत चढत नाहीत. त्या दिवशी थाळीचे लाइटनिंगने दिले असते तर एवढं रामायण झालंच नसतं.

एक फसवणूक खास सांगतो कारण ती तुमची हिस्टरी सगळ्यांना दिसते म्हणूनच शक्य होते. तुम्ही एका पत्त्यावर नेहमी पैसे पाठवता हे भामट्याला दिसतं, तो सुरुवातीची आणि शेवटची चार-चार अक्षरं सारखी असलेला पत्ता बनवतो आणि तिथून तुम्हाला शून्य किंवा पैशा-दोन पैशाचा व्यवहार पाठवतो. पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून पत्ता कॉपी करता आणि तो नेमका त्याचा असतो. मे २०२४ मध्ये एकाने असेच ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) घालवले, ६ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास, नशीब त्याचं की बोलणी होऊन बरेचसे परत मिळाले. हिस्टरीतून कधी कॉपी करायचं नाही, कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा आणि मधली अक्षरं पण वाचा, कंटाळा येतो पण वाचा.

स्क्रीनशॉटचं वेगळं सांगायला नको. ग्रुपवर नफ्याचा टाकतो आपण, आकडा झाकतो आणि ट्रान्झॅक्शन आयडी तसाच.

राहिला हिशोब. एवढे पत्ते, एवढी पाकिटं झाली की रिटर्नच्या वेळी आपणच गोंधळतो, म्हणून ती लेबलं कामाला येतात. मी जुलैच्या आधी एका रविवारी बसून वर्षभराचे विकलेले आणि खर्च केलेले सगळे व्यवहार एका शीटमध्ये काढतो, तारीख, रक्कम, घेतल्याचा भाव, आणि ती शीट लॅपटॉपवरच ठेवतो, ड्राइव्हवर नाही. सीएला तीच देतो. मागच्या वर्षी त्याने शीटऐवजी एक्सपब मागितला, त्याला कुठूनतरी कळलं होतं की तो टाकला की सॉफ्टवेअरमध्ये सगळं आपोआप येतं. येतंच, म्हणून तर दिला नाही.